पेटीवरून पियानोकडे येताना: डाव्या हाताआधी उजव्याकडे बघा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. अकरा वर्षं पेटी शिकलात, मध्यमा परीक्षा पूर्ण झाली, बडोद्यातल्या मांजलपूरच्या भजनी मंडळात साथ करता. जानेवारीत ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो घरी आणलात आणि चार महिने स्वतःचं स्वतः शिकताय. उजवा हात पहिल्याच आठवड्यात चालू लागला, डावा अजून अडखळतो, शिक्षक लावणं सध्या जमणार नाही, तेव्हा डाव्या हाताचे व्यायाम सांगा, असं तुम्ही विचारलंय. आणि जाता जाता एक वाक्य लिहिलंय: काहीही वाजवलं तरी घरच्यांना पेटीच ऐकू येते. माझ्या मते खरा प्रश्न त्या वाक्यात आहे. डाव्या हाताचे व्यायामही देते, पण आधी हे.

मी दांडिया बाजारातल्या वाड्यात पेटीवरच वाढले. पियानोला पहिल्यांदा हात लागला तो चोविसाव्या वर्षी. त्यानंतर बडोद्यात इतकी वर्षं शिकवताना तुमच्यासारखे बरेच जण आले: कीर्तनाला साथ करणारे, नवरात्रात गरब्याच्या मंचावर कीबोर्ड वाजवणारे, शाळेत प्रार्थनेला पेटी धरणारे. बहुतेकांची तक्रार हीच असते, डावा हात चालत नाही. आणि बहुतेकांच्या बाबतीत मी काम सुरू करते ते उजव्या हातापासून.

कारण वाद्याच्या पोटात आहे. पेटीची पट्टी म्हणजे एक झडप. ती दाबली की हवेला वाट मिळते, आतली रीड कंप पावते, आणि भात्यात हवा आहे तोवर सूर उभा राहतो. बोट अलगद ठेवलं काय नि जोरात मारलं काय, सुरात फरक पडत नाही. तो लहानमोठा होतो भात्यावरच्या हातामुळे. पियानोत पट्टी दाबली की एक हातोडी तारेकडे फेकली जाते, आणि तारेला लागण्याच्या किंचित आधी ती पट्टीच्या ताब्यातून सुटते. सूर मऊ की ठसठशीत, हे पट्टी किती वेगाने खाली गेली त्यावर तोवर ठरून गेलेलं असतं. मग पट्टी कितीही घट्ट दाबून धरा, तो वाढत नाही. लागल्या क्षणापासून विरतच जातो. क्रिस्तोफोरी नावाच्या वाद्यकाराने १७०० च्या सुमारास फ्लोरेन्समध्ये हे यंत्र बनवलं. त्याआधीच्या हार्पसिकॉर्ड या पट्ट्यांच्या वाद्यावर बोटाच्या जोराने आवाज कमीजास्त होत नसे. ती सोय या यंत्राने करून दिली. तुमच्या डिजिटल पियानोत तारा नाहीत, पण आतले सेन्सर मोजतात तो हाच वेग.

आता आठवा, अकरा वर्षं तुमच्या दोन हातांनी कामं कशी वाटून घेतली होती. उजव्या हाताने सूर निवडले. पण ओळ कुठे भरायची, कुठे हलकी करायची, गवयाने श्वास घेतला की कुठे थांबायचं, हे सगळं डाव्याने केलं. उजव्या हाताला आवाज घडवण्याची जबाबदारी कधी मिळालीच नाही. पियानोवर तो पट्ट्या अचूक शोधतो, झरझर फिरतो, पण प्रत्येक सूर एकाच वजनाचा लावतो. घरच्यांना पेटी ऐकू येते ती म्हणूनच. त्यांचे कान बरोबर आहेत.

तेव्हा पहिलं काम वेगाचं नाही. पांढरी पाच, म्हणजे पेटीच्या मोजणीत सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी, घ्या, मधल्या बोटाने ठसठशीत लावा आणि तो सूर पूर्ण विझेपर्यंत ऐका. पेडल नको, बोट खालीच. पुन्हा लावा, या वेळी जेमतेम ऐकू येईल इतका हळू. मग या दोन टोकांच्या मधल्या तीन पायऱ्या शोधा. एका सुराचे असे पाच आवाज प्रत्येक बोटाने काढता आले पाहिजेत, करंगळीने आणि अनामिकेनेसुद्धा. आपल्याकडे पेटीवर करंगळी बरेच जण वापरतच नाहीत. ती इथे सर्वांत जास्त वेळ मागेल.

त्यानंतर सा रे ग म प, अगदी विलंबित. जोर मनगटातून झटकून आणायचा नाही. हाताचं वजन एका बोटावरून पुढच्या बोटावर जाऊ द्यायचं, चालताना एका पायावरून दुसऱ्यावर जातं तसं. आणि एक गोष्ट कानाने करायची: सा लावलात, तो थोडा विरला, जिथवर विरलाय तेवढ्याच आवाजात रे लावायचा. तसा लावला तर दोन सूर जोडलेले ऐकू येतात, मूळच्या जोराने लावला तर प्रत्येक सूर सुटासुटा ठोकल्यासारखा वाटतो. पेटीवर सलगपणा हवा पुरवते, इथे तो कानाने राखावा लागतो. मला हे ज्यांनी शिकवलं ते सर पहिले दोन महिने माझ्याकडून याशिवाय फारसं काही वाजवून घेत नव्हते. तेव्हा जीव कासावीस व्हायचा. पण त्या दोन महिन्यांनंतर आईने आतल्या खोलीतून विचारलं होतं, ‘आज निराळं काय वाजवतेयस?’ वाजवत होते तेच पाच सूर.

तुमची एक सवय मात्र इथे सोन्यासारखी आहे. पेटीवर दोन सूर एकमेकांवर चढले की लगेच खुपतात, म्हणून तुमचं बोट वेळेवर उठतं. पियानोवर थेट आलेल्यांना बोट उचलायला शिकवताना माझे महिने जातात.

आता डावा हात. त्याच्याबद्दल एक समजून घ्या: तो मागे पडलेला नाही. उजवा अकरा वर्षांचा आहे आणि डावा चार महिन्यांचा. चार महिन्यांच्या मानाने तो ठीक चाललाय. त्रास होतो तो उजवा त्याच्यासाठी थांबत नाही म्हणून. दोन्ही हात एकत्र वाजवताना लय कायम डाव्याला झेपेल तीच ठेवा. उजव्याला तेवढा वेळ सुराच्या वजनाकडे लक्ष द्यायला मिळतो.

बहुतेक पुस्तकं पांढरी एकपासून सुरुवात करतात, कारण ती वाचायला सोपी. हाताला ती सोपी नाही. संगीतकार शोपँ आपल्या विद्यार्थ्यांना सुरुवात पांढरी सातच्या सप्तकापासून, म्हणजे बी मेजरपासून करायला लावत असे. लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर आपसूक बसतात आणि आखूड अंगठ्याला पांढरी मिळते, म्हणून. तुमच्यासाठी मी त्याच कारणाने काळी एक सुचवते. ती तुम्हाला साथीतून पाठ असणार. बिलावल, म्हणजे सगळे शुद्ध स्वर, घ्या: सा काळी एक, रे काळी दोन, ग पांढरी चार, मग म, प, ध काळी तीन, चार, पाच, आणि नी पांढरी एक. उजव्या हाताने दोन काळ्यांवर तर्जनी आणि मधलं बोट, पांढरी चारवर अंगठा, तीन काळ्यांवर तर्जनी, मधलं, अनामिका, आणि पांढरी एकवर पुन्हा अंगठा. डाव्या हाताला याचंच प्रतिबिंब: दोन काळ्यांवर मधलं आणि तर्जनी, अंगठा, तीन काळ्यांवर अनामिका, मधलं, तर्जनी, अंगठा.

यातली गंमत अशी की दोन्ही हातांचे अंगठे एकाच वेळी येतात, गंधारावर आणि निषादावर. पांढरी एकवर असं होत नाही. तिथे उजवा अंगठा मध्यमावर वळतो, डावा हात पंचमानंतर वळतो, आणि नवा माणूस त्या दोन वेगळ्या वळणांतच गोंधळतो. काळी एकवर दोन्ही हात एकदम वळतात, त्यामुळे डावा उजव्याकडून शिकतो. पुस्तकात बोटांचे आकडे येतील तेव्हा लक्षात ठेवा, पियानोत अंगठा म्हणजे १ आणि करंगळी म्हणजे ५. पेटीच्या काही वर्गांत तर्जनीला १ म्हणतात. तसं शिकला असाल तर आधी ते पुसा, नाहीतर छापलेली सगळी बोटं एकाने चुकतील.

हे सप्तक दोन्ही हातांनी सलग चालायला लागलं की खरा व्यायाम सुरू होतो, आणि त्याला लागणारं साहित्य तुमच्याकडे आधीच आहे. तबल्याच्या एकल वादनाला लेहरा, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारी एकच धून, धरला असेलच. तीनतालातला कुठलाही लेहरा घ्या, पंचम असलेल्या रागातला, जो बोटात बसलाय तो. उजव्या हाताने तो विलंबित मध्यलयीत वाजवा. डाव्याने पहिल्या आठवड्यात फक्त समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, मंद्र षड्ज लावायचा आणि तो चार मात्रा धरायचा. दुसऱ्या आठवड्यात समेला षड्ज, पाचव्या मात्रेला पंचम, नवव्या मात्रेला हात पट्ट्यांवरून पूर्ण उचललेला, कारण ती खाली, म्हणजे टाळी नसलेली मात्रा, आणि तेराव्याला पुन्हा पंचम. खालीला हात उचलणं हा या व्यायामाचा गाभा आहे. उजवा चालू असताना डाव्याने गप्प बसणं हे दोन्ही हात वाजवण्यापेक्षा अवघड जातं.

तिसऱ्या टप्प्यात डावा हात प्रत्येक मात्रेला एक सूर लावेल, पण उजव्याच्या निम्म्या आवाजात. इथे बरेच जण अडकतात. उजवा हळू झाला की डावाही हळू होतो, डावा मोठा झाला की उजवाही. मी एक युक्ती देते: डाव्याची बोटं पट्ट्यांवर नुसती ठेवायची, सूर निघेल न निघेल इतकीच दाबायची, आणि उजव्याने नेहमीसारखं वाजवायचं. दोनचार दिवसांत हात वेगळे व्हायला लागतात. आणि शेवटी अदलाबदल: लेहरा डाव्या हातात, सम आणि ताली उजव्यात. हे जमायला तुम्हाला दोन महिने लागोत की पाच, घाई नको. हे झालं की बाकीच्या डाव्या हाताच्या कामाला फार नवं काही शिकावं लागत नाही.

इथवरचा क्रम असा: आधी एका सुराचे पाच आवाज, मग विरत्या सुराला जोडलेले पाच सूर, मग काळी एकचं सप्तक दोन्ही हातांनी, मग लेहरा. रोज चाळीस मिनिटं मिळत असतील तर वीस-वीसच्या दोन बैठका करा. सलग तास-दीड तास बसून आठवड्यातून दोनदा, याने हात बनत नाही.

साथ करणाऱ्यांची एक सवय लवकर दिसत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. तुमचा कान गाणाऱ्याच्या मागे जाण्यात तयार आहे. तो ओळ सोडतो, तुम्ही उचलता. तो रेंगाळतो, तुम्ही थांबता. पियानोवर एकटं वाजवताना पुढे चालणारं कोणी नसतं, तरी हात कुणाचीतरी वाट बघत राहतो. फोनवर पाच मिनिटं रेकॉर्ड करा आणि ओळींच्या शेवटाकडे कान द्या. मात्रा लांबलेली सापडली तर वाजवताना ती ओळ मोठ्याने गा. आपणच गवई झालो की हात वाट बघणं सोडतो. माझ्याकडे आलेले एक निवृत्त गृहस्थ तीस वर्षं कीर्तनाला साथ करत आले होते. त्यांना ठोके देणाऱ्या मेट्रोनोमने काही केल्या फरक पडला नाही. गायला लागल्यावर आठवड्यात पडला.

पेडलबद्दल थोडक्यात. उजवं पेडल दाबलं की सगळ्या तारांवरचे दाबक उचलले जातात आणि सूर रेंगाळतो. पेटीच्या माणसाला हे इतकं घरचं वाटतं की पाय खालीच राहतो आणि सगळं एकमेकांत कालवलं जातं. तीन महिने पाय लांब ठेवा. नंतर घ्याल तेव्हा क्रम असा: नवा सूर लागताना पाय वर, सूर लागून गेल्यावर पाय खाली.

वाचनाला घाबरू नका. ज्या बडोद्यात गायक मौलाबक्षांनी सयाजीरावांच्या आश्रयाने १८८६ मध्ये गायनशाळा काढली आणि गाणं कागदावर उतरवायची स्वतःची लिपी केली, तिथे स्वर लिहिणं-वाचणं परकं नाही. तुम्हाला भातखंडे लिपी, म्हणजे आपली सरगम लिहिण्याची पद्धत, येते, म्हणजे मात्रेचे तुकडे डोळ्याला कळतात. निम्मं काम झालंय. अडचण एकच येईल. तुमचा सा फिरता आहे आणि पाश्चात्य लिपीतल्या पाच रेघांवरचा प्रत्येक सूर जागेवर पक्का. रेघेवरचं टिंब बघून मनात सरगम आणि मग पट्टी, असा वळसा घेऊ नका. टिंबावरून थेट पट्टीवर जा. रोज चार ओळी, हात सुटे ठेवून, कधी न पाहिलेलं काहीतरी. ट्रिनिटी या परीक्षामंडळाच्या इनिशियल ग्रेडचं साहित्य याला पुरेसं सोपं आहे.

कॉर्डच्या, म्हणजे एकदम लावलेल्या अनेक सुरांच्या, मागे आत्ताच लागू नका. तुमचं ध्येय भावगीतं-भजनं दोन हातांनी वाजवणं असेल तर डाव्याला षड्ज-पंचम आणि रागात बसणारा तिसरा सूर एवढं वर्षभर पुरतं. रागात नसलेला सूर केवळ कॉर्ड पूर्ण व्हावी म्हणून घातला की गाणं हातून जातं, आणि ते तुमच्या कानाला माझ्या आधी कळेल. पाश्चात्य रचना वाजवायच्या असतील तर वाट निराळी आहे. तिथे वाचन लवकर वाढवावं लागेल आणि शिक्षकाची गरजही लवकर पडेल.

आता बसण्याचं. पेटीसमोर मांडी घालून बसतो, तेव्हा उजवं कोपर अंगाशी आणि मनगट थोडं वळलेलं असतं. तीच वळलेली मनगटं घेऊन लोक पियानोसमोर बसतात. पियानोच्या पट्ट्या जमिनीपासून सुमारे ७२ सेंटिमीटरवर असतात. डिजिटल पियानो जेवणाच्या टेबलावर ठेवलात तर त्या त्याहून बऱ्याच वर जातात, खांदे उचलले जातात आणि महिन्याभरात मान धरते. स्टँड घ्या. स्टुलावर असं बसा की कोपर पट्ट्यांच्या पातळीत किंवा किंचित वर येईल. मनगट दुखलं तर त्या दिवशी थांबा. सुरुवातीच्या काळात एका वर्गात मला वर्षभर बोटांचे व्यायाम वेगात करायला लावले होते, दुखतंय म्हटल्यावरही. त्यानंतर चार महिने मला पोळ्यासुद्धा लाटता येत नव्हत्या. दुखणं सोसून हात तयार होत नाही.

तुम्ही रात्री हेडफोन लावून वाजवता असंही लिहिलंय. आवाजाचं बटण वर असेल तर हलक्या बोटानेही भरपूर ऐकू येतं, आणि पेटीचा हात त्यातच समाधानी राहतो. आवाज इतका कमी करा की साध्या, मध्यम वजनाने लावलेला सूर समोरच्या माणसाच्या बोलण्याइतका ऐकू येईल. सेटिंगमध्ये टच ‘फिक्स्ड’वर नाही ना, हेही आजच बघा. तो तसा असेल तर चार महिने तुम्ही नकळत पेटीच वाजवत होता, आणि वर सांगितलेले पाच आवाज त्यावर निघणारच नाहीत.

शिक्षकाशिवाय यातलं बरंचसं होतं. एक गोष्ट होत नाही: स्वतःचं मनगट आणि खांदा वाजवताना स्वतःला दिसत नाहीत. दर दीड-दोन महिन्यांनी एकदा, एका तासापुरतं, कुणा पियानो वाजवणाऱ्याला हात दाखवून या. कायमचा वर्ग लावायची गरज नाही. तोवर फोन उजव्या बाजूला, कोपराच्या उंचीवर ठेवून व्हिडिओ काढा. काळी एकचं सप्तक आणि समेचा लेहरा, दोन्ही मिळून दोन मिनिटं. स्टँडची आणि स्टुलाची उंची मोजून त्यासोबत कळवा, म्हणजे मनगटाबद्दल मला नेमकं सांगता येईल.